चार म्हणजे चालवून घ्या

तुर्कूत फेब्रुवारीचा दिवस
जेवणाचा डबा झाकेपर्यंत उरकतो.
तळघरातल्या यंत्रखोलीला त्याचं काही नाही.
तिथं बारा महिने एकोणीस अंश
आणि पंख्यांची एकसुरी घरघर.
पेन्शन कार्यालयाचा मेनफ्रेम पाच वेळा बदलला,
त्याच्या सवयी नाही बदलल्या.

राइली हक्कारायनेन शुक्रवारी निवृत्त होणार.
म्हणून आठवडाभर ती मला शेजारी बसवून
बॅकअपच्या सेटिंग्जमधून फिरवतेय,
गावाला जाताना शेजारणीला किल्ली देणारी बाई
कुठला नळ अर्धाच पिळायचा
ते दाखवते, तशी.

आवृत्त्या किती ठेवायच्या: पाच.
पाचच का?
तौनोनं ठरवलं होतं.
सहावी आली की सगळ्यात जुनी जाते.
कुठं जाते?
"जात नाही, ओन्नी. टेपवर असतेच.
फक्त तिच्यावरून लिहायला
आता कुणालाही परवानगी."

पुसलेल्या फाइलची नक्कल: साठ दिवस.
रोजचा बॅकअप: रात्री पावणेदोन,
पेन्शनचा हिशोब आटोपल्यावर, त्याआधी नाही.
परत उतरवताना जुन्यावर लिहायचं का: नाही.
इथं ती थांबली, बोट पडद्याला टेकवून.
"हे 'नाही' कधी बदलू नकोस.
कुणी कितीही घाईत असलं तरी."

मग सकाळचा अहवाल कसा वाचायचा.
शून्य: घरी जा.
चार: चालवून घ्या.
आठ: मला उठवा.
बारा: साहेबांना उठवा, पण आधी कॉफी ठेवा.

"रोज किती येतो?" मी विचारलं.
"चार," ती म्हणाली. "नेहमीच चार."
आणि ऐकलं तिनं स्वतःचंच वाक्य.

वगळायच्या फायलींची यादी, एकेचाळीस ओळी.
सतराव्या ओळीत एक अर्धवट नाव, पुढे तारा.
शेजारी शेरा: तात्पुरतं. तौ. ले. ३.११.९८.
तारा म्हणजे: या नावानं सुरू होणारं सगळं.
तेव्हा ती चाचणीची एक फाइल होती.
पुढं दोन हजार अकरात कुणीतरी, कुणाला न विचारता,
परदेशी गेलेल्यांच्या पत्तेबदलाला तेच नाव दिलं.
जन्मतःच ती त्या ताऱ्याखाली सापडली.
तेव्हापासून एकदाही नक्कल नाही.
रोज पहाटे यंत्र सांगत होतं, एक संच गाळला,
आणि रोज पहाटे कुणी ना कुणी
अहवालावर सही करून बूट चढवत होतं.

बहुतेक सह्या राइलीच्या.

तौनोला जाऊन नऊ वर्षं झाली.
त्याच्यावर चिडायचं तर नांतालीपर्यंत जावं लागेल,
आणि दफनभूमीत बर्फ गुडघाभर.
"नो नीन," ती म्हणाली. इथली माणसं
काम सुरू करताना हेच म्हणतात,
हात टेकल्यावरही हेच.

ओळ तिनं पुसली नाही.
पुढे एक खूण टाकली, म्हणजे दिसेल, पण पाळली जाणार नाही.
बॅकअप हातानं सोडला. टेप फिरली.
मग दुसऱ्या नावानं परत उतरवली,
कारण न उतरवलेली नक्कल
म्हणजे न चाखलेलं लोणचं, तिच्या मते;
बरणी काय, कुणाचीही चकाकते.

पहिलीच नोंद: एल्मा र्‍योन्नबर्ग, वय एक्क्याण्णव,
थंडर बे, कॅनडा. घर सोडलं.
नवा पत्ता वृद्धाश्रमाचा, खोली दोनशे सहा.
शेरा: खिडकी तळ्याकडे हवी होती, मिळाली नाही.
हे पेन्शन कार्यालयाला कोण कळवतं?
एल्माबाईंनी कळवलं होतं.

मूळ आणि नक्कल, दोन्हीत दोनशे सहा.
दोन्हीत तळं नाही.

गुरुवारी सकाळी अहवालात शून्य आला.
राइली घरी गेली नाही.
कोट घालूनच बसली, सगळी पानं वाचली,
स्टॉकहोमची बोट भोंगा देऊन धक्क्याला लागली
तरी वाचत होती.

शुक्रवारी केक कापला, तिनं भाषण टाळलं.
संध्याकाळी मी यादी उघडली, सवय लावायची म्हणून.
सतरावी ओळ. तौनोच्या शेऱ्याखाली नवा शेरा:

काढलं. सत्तावीस वर्षं तात्पुरतं होतं.
चार मीच चालवून घेतले. रा. ह.